कितव्या पानावर आहात?

"सध्या काय वाचताय?" असं कुणी विचारलं की माणूस क्षणभर मागे जातो, कधीतरी वाचून झालेलं एखादं वजनदार नाव उचलतो आणि समोर ठेवतो. 'सध्या' तिथेच गळून पडतं. उशाशी खरं तर अर्ध्यावर टाकलेलं चरित्र, गेल्या वर्षीचा दिवाळी अंक किंवा लोणच्यांचं पुस्तक असतं, पण त्याचं नाव कुणी काढत नाही. म्हणून दहा-बारा जणांनी दर महिन्याला जमून एकमेकांना चालू वाचन सांगायचं ठरवलं असेल, तर आधी प्रश्न बदला. "कितव्या पानावर आहात?" असं विचारा. पान सांगायचं म्हटलं की पुस्तक हातात लागतं, चालू असावं लागतं आणि थाप मारणं अवघड होतं. पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नातून निघते.

हे बडोद्यातल्या मराठी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण इथल्या घरातलं वाचन एका भाषेत मावत नाही. आजी मराठी कादंबरी वाचते, सूनबाई गुजराती साप्ताहिक चाळते, नातू इंग्रजीशिवाय हात लावत नाही. बैठक मराठीतून होते, पुस्तक कुठल्याही भाषेचं चालतं, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाहीतर तीन महिन्यांत फक्त साठीपुढची माणसं उरतात.

माणसं, जागा, वेळ

आठ ते बारा जण पुरेत. हिशोब सोपा आहे: प्रत्येकाला बोलायला चार मिनिटं, त्यावर बाकीच्यांच्या प्रश्नांना दोन. बारा जण म्हणजे ७२ मिनिटं. चपला काढणं, "अहो, पंखा जरा वाढवा" आणि शेवटचा चहा धरून पावणेदोन तास होतात. याहून लांबलं की पुढच्या महिन्यात तिघं गळतात. पंधरा जण झाले तर गट फोडू नका. निम्म्यांनी या महिन्यात बोलावं, निम्म्यांनी पुढच्या. ऐकायला मात्र सगळ्यांनी यावं. उलट पाच-सहाच आले तर मिनिटं वाढवू नका. चारच ठेवा आणि लवकर उठा. वेळ एकदा सैल सोडली की पुन्हा आवळता येत नाही.

जागा कुणाच्या तरी घरची बैठकीची खोली हवी. सभागृह घेतलं की माईक येतो, माईक आला की अध्यक्ष येतात आणि मग चालू पुस्तकाचं व्याख्यान होतं. सतरंजीवर गोल बसा, गुडघेवाल्यांसाठी दोन खुर्च्या त्याच गोलात ठेवा, भिंतीकडे नको. खोलीतली एक जागा अशी ठरवा की तिथे पानावर नीट उजेड पडेल. ज्याला उतारा वाचायचा असेल त्याने तेवढ्यापुरतं तिथे सरकायचं. जुन्या वाड्यांतल्या खोल्यांत संध्याकाळी सहाला दिवा लावूनही कोपऱ्यात अक्षर दिसत नाही, आणि मग माणूस वाचायचं सोडून तोंडी सांगायला लागतो. तिथूनच पाल्हाळ सुरू होतं.

दिवस ठरावीक असू द्या. "जमेल तेव्हा" म्हटलं की जमत नाही. दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा, असं काहीतरी पक्कं करा. रविवारची संध्याकाळ बडोद्यात बाहेर जेवायला जाण्याची असते, ती सोडून द्या. वर्षाचं कॅलेंडर आधीच बघून ठेवा: १४ आणि १५ जानेवारीला अख्खं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं, गणपतीचे दहा दिवस मराठी घरं अडकलेली असतात आणि नवरात्रात संध्याकाळी सहाला कुणी सापडलंच तर तो गरब्याच्या तयारीत असतो. भाद्रपद-आश्विनात मिळून एकच बैठक होते, हे मान्य करून टाकलेलं बरं.

चार मिनिटांत काय सांगायचं

क्रम असा ठेवा. पहिल्या वाक्यात पुस्तकाचं नाव, लेखक, कितवं पान आणि एकूण पानं किती. दुसऱ्यात पुस्तक हातात आलं कुठून: विकत, लायब्ररी, बहिणीचं, रद्दीतून. ही माहिती फालतू वाटते, पण ऐकणाऱ्याला ते पुस्तक कसं मिळेल याचा पत्ता त्यातच असतो. मग सध्या ज्या पानावर आहात तिथे काय चाललंय, ते दोन-तीन वाक्यांत. मग एक उतारा मोठ्याने. शेवटी एक अडलेली गोष्ट: न कळलेला शब्द, न पटलेला प्रसंग, लेखकाबद्दल आलेली शंका किंवा सरळ "इथे कंटाळा आला". बस.

लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार, प्रस्तावना कुणी लिहिली, मलपृष्ठावर काय छापलंय, हे काही सांगू नका. ते ज्याला हवं त्याला पुस्तक हातात घेतल्यावर दोन मिनिटांत कळतं. 'वाचनीय', 'हृदयस्पर्शी', 'खिळवून ठेवणारं', 'प्रत्येकाने वाचावं असं' हे चार शब्दही बैठकीबाहेर ठेवा. ते खोटे असतात असं नाही, पण कुठल्याही पुस्तकाला बसतात, आणि जे कुठल्याही पुस्तकाला बसतं त्यावरून ऐकणाऱ्याला काही ठरवता येत नाही.

फरक डोळ्यांनी बघायचा तर असं समजा, एका स्टेशनमास्तरांचं आत्मचरित्र चालू आहे. नेहमीच्या पद्धतीने सांगणारा म्हणतो: "फार छान पुस्तक आहे. लेखकाने रेल्वेत चाळीस वर्षं नोकरी केली. अनेक अनुभव आलेत. भाषा ओघवती आहे. सगळ्यांनी जरूर वाचा." ऐकणारे माना डोलावतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात.

पानावरून सांगणारा असं सांगतो: "दोनशे चाळीसपैकी एकशे बाराव्या पानावर आहे. मामांच्या कपाटात होतं. गेली तीस पानं नुसत्या बदल्या चालल्यायत, हे स्टेशन सोडलं, ते धरलं, आणि खरं सांगायचं तर मी चार पानं गाळली. पण सत्त्याण्णवव्या पानावर रात्रपाळीला कंदिलाची काच कशी पुसायची ते लिहिलंय, राख कुठली, फडकं कसं, ते वाचतो. मला एक कळत नाही, बायकोचा उल्लेख आत्तापर्यंत फक्त दोनदा आलाय. पुढे येतो का, कुणी वाचलंय?" हे ऐकून एकाला पुस्तक हवंसं वाटेल, दुसऱ्याला अजिबात नको वाटेल. दोघांचंही काम झालं.

गाळलेली पानं कबूल करणं इथे महत्त्वाचं आहे. बैठकीत पहिल्यांदा कुणी "मी गाळलं" म्हणालं की बाकीच्यांचे खांदे खाली येतात.

रहस्यकथा किंवा कादंबरी असेल तर बोलण्याआधी विचारा: "कुणी वाचणार आहे का?" एकही हात वर आला तरी आपण ज्या पानावर आहोत त्याच्या पुढचं काही सांगायचं नाही, आधीच्यातलंही जपून. अर्ध्यावर असलेल्या माणसाकडून कथा फुटण्याचा धोका तसा कमीच. खरा धोका पुस्तक वाचून झालेल्या श्रोत्याकडून असतो. "अरे, तो शेवटी…" असं सुरू करणारा एकजण प्रत्येक गटात असतो. त्याला तिथेच थांबवायचं काम यजमानाकडे द्या. यजमान वयाने लहान असेल आणि बोलणारे काका असतील तर अवघड जातं, म्हणून "काका, आमचं राहिलंय अजून" एवढं वाक्य आधीच ठरवून ठेवलेलं असावं.

पहिला कोण बोलणार याला फार महत्त्व आहे. पहिला जितका वेळ घेतो तितकाच वेळ बाकीचे घेतात, हे जवळजवळ गणित आहे. म्हणून पहिली पाळी थोडक्यात बोलणाऱ्याला द्या. नवीन माणूस असेल तर त्याला तिसऱ्या किंवा चौथ्या पाळीला घ्या. तोवर त्याला चाल कळते. निवृत्त प्राध्यापक असतील तर त्यांना शेवटून दुसरं, कारण तोवर चहाचं आधण आतून ऐकू यायला लागतं. फोनवर चार मिनिटांचा गजर लावा आणि फोन मध्ये सतरंजीवर ठेवा. माणसाने "वेळ झाली" म्हटलेलं लागतं, फोनने म्हटलेलं लागत नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांनाही थोडं वळण लागतं. "या पुस्तकाचा संदेश काय?" हा प्रश्न बाद, कारण अर्ध्यावर असलेल्या माणसाला तो माहीत नसतो आणि तो उगाच एक तयार करतो. "पुढचं पान उलटावंसं वाटतंय का?", "कुठे अडलात?", "आपल्यापैकी कुणाला द्याल?" या तीन प्रश्नांवर दोन मिनिटं आरामात निघतात. तिसऱ्या प्रश्नाला मिळालेलं नाव लिहून ठेवा, उसनवारीत कामाला येतं.

वाचतोय म्हणजे पुस्तकच हवं, असंही नाही. मासिक, दिवाळी अंक, मुलांचं पुस्तक, पाकपुस्तक, गॅझेटियर, सगळं धरा. ज्या गावातून १९४३ साली 'अभिरुची' निघालं तिथे मासिकाला दुय्यम समजणं शोभत नाही. सुरुवातीच्या दोन बैठकांत गट जमवणाऱ्यानेच मुद्दाम हलकं काहीतरी आणावं, शिवणकामाचं पुस्तक किंवा डिटेक्टिव्ह कथा. तो जाडजूड वैचारिक ग्रंथ घेऊन बसला की दुसऱ्या महिन्यात सगळेच न वाचलेले ग्रंथ घेऊन येतात.

उतारा वाचणं

सगळ्यात जास्त इथे फसतं. साधारण आकाराच्या मराठी पुस्तकात पानाला तीसेक ओळी, म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे शब्द असतात. स्वच्छ, न धावता वाचलं तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. म्हणजे पूर्ण पान अडीच मिनिटं खातं, आणि चारांतली अडीच त्यात गेली तर बाकी काही उरत नाही. बारा ते पंधरा ओळी, सव्वा मिनिट, हे माप बरोबर. सुरुवात आणि शेवट घरीच पेन्सिलीने बारीक टिंब देऊन ठरवा. लायब्ररीच्या पुस्तकात तेही नको, कागदाची चिठ्ठी घाला. बैठकीत येऊन "थांबा हं, कुठेतरी फार सुंदर होतं ते" म्हणत पानं उलटणं यात दोन मिनिटं जातात आणि ते सुंदर सापडत नाही.

निवडताना सुविचारासारखी वाक्यं टाळा. ज्यात कुणी काही करतंय, कुठेतरी जातंय, काही शिजवतंय किंवा दोघं बोलतायत असा तुकडा घ्या. संवाद असेल तर कोण बोलतंय ते आधी सांगा. कानाला अवतरणचिन्हं दिसत नाहीत. मध्ये थांबून समजावू नका.

गुजराती माध्यमात शिकलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. घरात फाडफाड मराठी बोलणारी मुलं देवनागरी वाचताना अडखळतात, कारण गुजराती लिपीला डोक्यावरची रेघ नाही आणि अ, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ल यांसारखी अक्षरं वेगळी दिसतात. त्यांच्याकडून पंधरा ओळी वाचून घेणं म्हणजे सगळ्यांसमोर परीक्षा. पाच ओळी द्या, घरून एकदा मोठ्याने वाचून आणायला सांगा आणि मध्ये कुणी दुरुस्ती करायची नाही. अडतं ते ठरलेल्या ठिकाणी. च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत: 'चार' आकड्यातला एक आणि गुरांच्या 'चारा'तला दुसरा, 'जग' म्हणजे दुनिया वेगळं आणि 'सुखाने जग' मधलं वेगळं. लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून वाक्याचा अर्थ आधी कळल्याशिवाय बरोबर वाचता येत नाही. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतला ऱ्या आणि 'ज्ञ' यांच्यावर पेन्सिलीने खूण करून द्या. 'ज्ञान' गुजराती वळणाने वाचलं गेलं तरी आकाश कोसळत नाही. आजोबांनी ते तिथल्या तिथे सुधारलं तर मात्र मूल पुढच्या वेळी इंग्रजी पुस्तक घेऊन येतं, किंवा येतच नाही.

इंग्रजी किंवा गुजराती पुस्तकातला उतारा असेल तर मूळ भाषेत पाच-सहा ओळी वाचा आणि मग तेच मराठीत आपल्या शब्दांत सांगा. भाषांतर सुंदर व्हायची गरज नाही. गुजराती तर इथे सगळ्यांना कळतं. एक गंमत मात्र लक्षात असू द्या: गुजरातीत 'चोपडी' म्हणजे पुस्तक, मराठीत हिशोबाची वही. "माझी चोपडी आणली का?" या वाक्याने बडोद्यात अजून घोटाळे होतात.

आजोळच्या कपाटातलं जुनं पुस्तक असेल तर त्यात 'कांहीं', 'नाहीं', 'घरीं' असे अनुस्वार दिसतील. मराठीचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले, त्याआधीच्या छपाईत ते सर्रास आहेत. वाचताना ते नाकातून काढायचे नाहीत, बिनअनुस्वारी शब्द असल्यासारखंच वाचायचं. अशी पुस्तकं पूर्ण उघडून आडवी दाबू नका. कागद करकरीत झालेला असतो, शिवणीपाशी चिरतो. दोन्ही हातांवर निम्मी उघडी धरा.

ई-बुक वाचणाऱ्यांना पुष्कळदा पान क्रमांक नसतो, टक्के असतात. टक्के ऐकून कुणाला काही बोध होत नाही. त्यांनी प्रकरण सांगावं. ऐकण्याच्या पुस्तकांत तास-मिनिटं सांगा आणि उताऱ्याऐवजी एक मिनिट ध्वनी लावा, पण तो आधी काढून ठेवलेला असावा. एकच पुस्तक दोघांकडे असेल तर पानं जुळतीलच असं नाही, आवृत्ती बदलली की पान बदलतं. आतल्या पहिल्या-दुसऱ्या पानावर आवृत्ती छापलेली असते, ती बघून घ्या. नाहीतर "माझ्या एकशेवीसवर तर लग्न आहे" यावर वाद होतो.

नोंदवही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, रेघांची एक वही घ्या. आडवी धरून रकाने आखा: तारीख, नाव, पुस्तक, लेखक, भाषा, कितवं पान, एकूण पानं, कुठून आलं, पुढे कुणाला हवंय, शेरा. एका बैठकीला एक पान लागतं, वही वर्षानुवर्षं पुरते. ज्याची पाळी झाली त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. एकाने सगळ्यांचं लिहिलं की तो एकजण ऐकत नाही, आणि लेखकांची नावंही चुकतात.

वहीचा खरा उपयोग दुसऱ्या महिन्यात कळतो. आधीच्या वेळी पान ६४ होतं, आजही ६४ आहे. इथे कुणी हसायचं नाही. "काय अडलं?" एवढंच विचारायचं. कधी घरात आजारपण असतं, कधी पुस्तकच चिखलात रुतलेलं असतं. पुस्तक नको वाटत असेल तर शेऱ्यात 'सोडलं, पान ६४' असं लिहायचं. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच पुस्तक साठ-सत्तर पानांच्या आसपास सोडल्याचं वहीत दिसलं तर ते त्या पुस्तकाबद्दल कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त सांगतं. काहीच वाचलं नसेल तर आडवी रेघ ओढा आणि या. न वाचता येणाऱ्याला बंदी घातली की तो पुढच्या वेळी वाचून येत नाही, येणंच बंद करतो.

नऊशे पानांचा ग्रंथ धरलेला माणूस सहा महिने तेच पुस्तक आणतो. आणू द्या. त्याने फक्त मागच्या पानापासून आजच्या पानापर्यंतचं सांगायचं, सुरुवातीपासून नाही.

उसनवार

चालू पुस्तक उसनं द्यायचं नसतं, उघड आहे. म्हणून 'पुढे कुणाला हवंय' या रकान्यात नाव लागतं आणि पुस्तक संपल्यावर ते त्या माणसाकडे जातं. एका वेळी एकालाच एक पुस्तक, मुदत पुढची बैठक. आतल्या बाजूला मालकाचं नाव पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई दुसऱ्या बाजूला उमटते. पानं दुमडायची नाहीत, खुणेला बसचं तिकीट उत्तम. लायब्ररीचं पुस्तक गटात फिरवू नका, ते मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचं असो की विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयाचं. ज्याच्या नावावर आहे त्यालाच दंड बसतो, आणि पंधरा रुपयांवरून मनं दुखावतात. लेखकाचं नाव सांगा, ज्याचं त्याने जाऊन काढावं.

गटाची स्वतःची पेटी करायची असेल तर तो इथला जुनाच रिवाज आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं, संस्थानभर ग्रंथालयांची घडी बसवली आणि गावांना लाकडी पेट्यांतून पुस्तकं जाऊ लागली. आता लाकडाची गरज नाही, झाकणाचा प्लास्टिकचा डबा चालतो. दोनशे पानी, साध्या बांधणीचं पुस्तक साधारण पाव किलोचं असतं; वीस पुस्तकं म्हणजे पाच किलो, स्कूटरच्या पायाजवळ बसतात. त्याहून जास्त भरू नका, नेणारा कंटाळतो. पेटी दर महिन्याला यजमानाच्या घरून पुढच्या यजमानाच्या घरी जाते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली असते. सहा महिन्यांत ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही ते बदला.

जून ते सप्टेंबर पेटी जमिनीवर ठेवायची नाही. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये घराघरांत शिरलं तेव्हा आधी भिजले ते खालचे कप्पे. पुस्तक भिजलंच तर कडक उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो. गुळगुळीत चित्रांची पानं असतील तर ती लगेच एकेक सुटी करा, वाळली की चिकटून एक फळी बनते. बाकीच्यांत दर वीस-पंचवीस पानांनंतर कोरा, शोषणारा कागद घाला, तो ओला झाला की बदला, आणि पुस्तक पंख्याखाली उभं, पानं थोडी फाकवून ठेवा.

दिवाळीनंतरची बैठक वेगळी लावा. प्रत्येकाने तोच अंक घेण्यात पैसे वाया जातात. दहा जणांनी आधी ठरवून दहा वेगळे अंक घ्यावेत आणि त्या बैठकीत अख्ख्या अंकावर न बोलता एकाच लेखावर किंवा कथेवर बोलावं, पान सांगून. मग अंक वहीतल्या नावांप्रमाणे फिरतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतात.

फोनवरचा गट

दोन बैठकांच्या मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग होतो, पण लगाम लागतो. मजकूर तीन ओळींचा: नाव आणि लेखक, पान, एक निरीक्षण. आठवड्यातून एकच वार ठेवा. शुभ सकाळ, फुलं आणि पुढे ढकललेले सुविचार पहिल्याच दिवशी बंद करा. आठव्या दिवशी बंद करायला गेलात तर कुणाची तरी वहिनी रुसते. मुखपृष्ठाचा फोटो दिवसा खिडकीपाशी काढा, रात्री ट्यूबच्या उजेडात चकाकीत नाव दिसत नाही. अख्खी पानं, स्कॅन केलेली पुस्तकं, कुठून तरी आलेल्या पीडीएफ टाकू नका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात लहान, त्यात दहाजणांनी फुकट घेतलं की पुढची आवृत्ती निघत नाही.

उठण्यापूर्वी

खाणं शेवटी. हा नियम कितीही कठोर वाटला तरी मोडू नका, कारण लीलो चिवड्याचं तेल पानावर पडलं की ते पान पारदर्शक होतं आणि आयुष्यभर तसंच राहतं. सेव उसळ असेल तर पुस्तकं आधी दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. चहा सुरू होण्याआधी वही मध्ये घ्या, पुढच्या बैठकीची तारीख आणि घर लिहा, त्याखाली पहिली पाळी कुणाची ते नाव लिहा. ज्यांची नोंद राहिली असेल त्यांना हाक मारा: "काकू, तुमचं पान राहिलं."